स्वस्त देश, पण कुणाच्या पगारात?

पत्र: ताई, मी ३१ वर्षांची, कोथरूडला एकटी राहते, भाडं २१ हजार. यूएक्स डिझायनर आहे, कंपनी पुण्याचीच, क्लायंट यूकेचा, काम कायमचं रिमोट झालंय, दुपारी १ ते रात्री १०. हातात ९६ हजार येतात, ग्रॉस १ लाख २० हजार. सेव्हिंग आणि एफडी मिळून १६ लाख आहेत. सहा महिने बाहेरच्या देशात राहून काम करायचंय, महिना ७० हजारांत बसवायचंय. मैत्रीण म्हणते बाली. मावसभाऊ म्हणतो पोर्तुगाल, आणि वर एनआरआय झालीस की टॅक्सपण वाचेल. नेटवरच्या सगळ्या याद्यांमधे थायलंडचं चियांग माय. कुठे जाऊ? कंपनीला सांगू की गुपचूप जाऊ? मी शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. आई सांगलीला असते, तिला कळलं की घर डोक्यावर घेईल. – खिडकीपाशी बसलेली, कोथरूड

अगं खिडकीबाई,

तुझं पत्र वाचताना माझी नजर अडकली ती भाड्याच्या आकड्यावर. २१ हजार. नेटवर जगातल्या स्वस्त शहरांच्या ज्या याद्या फिरतात ना त्या लंडन नाहीतर सिडनीला दीड-दोन लाख रुपये भाडं भरणाऱ्यांसाठी लिहिलेल्या असतात, पगार डॉलर-पाउंडात, त्या माणसाला चियांग मायला तीस हजारांत स्वच्छ स्टुडिओ मिळाला की तो आनंदाने वेडा होतो. तू त्याहून कमी आत्ताच भरतेयस, तेही कोथरूडला, खाली वडापाव आणि कोपऱ्यावर किराणा. त्यामुळे आधी हे डोक्यात पक्कं कर की तू पैसे वाचवायला जात नाहीयेस, तू थोडे जास्त पैसे घालून सहा महिने वेगळं जगायला जातेयस. त्यात काही गैर नाही, जरूर जा, फक्त "तिकडे स्वस्त पडतं" असं स्वतःला पटवून निघालीस तर दुसऱ्या महिन्यात कार्डाचं स्टेटमेंट बघून तोंड कडू होईल.

आता देश. लोक भाड्यापासून सुरुवात करतात, तू व्हिसापासून कर, कारण तुझा पासपोर्ट भारतीय आणि पगार रुपयात, निम्मी यादी तिथेच गळून पडते.

मावसभावाचं पोर्तुगाल पहिलं काढ. त्यांचा रिमोट कामाचा व्हिसा आहे, २०२२ च्या ऑक्टोबर अखेरीस सुरू झालाय, पण अट अशी की तिथल्या किमान पगाराच्या चौपट उत्पन्न पाहिजे, म्हणजे महिन्याला साडेतीन हजार युरोच्या आसपास. रुपयात कर आणि भावाला पाठव. मैत्रिणीचं बाली दुसरं. इंडोनेशियाचा रिमोट वर्करचा एक वर्षाचा व्हिसा वर्षाला ६०,००० डॉलर कमाई मागतो. मग जे लोक तिथे लॅपटॉप घेऊन बसलेले दिसतात ते काय करतात, तर पुष्कळसे ३० दिवसांच्या टुरिस्ट व्हिसावर, एकदा वाढवून ६० दिवस, मग बाहेर जाऊन परत आत. दर वेळी विमान, दर वेळी फी. मलेशियाचा डिजिटल नोमॅड पास, म्हणजे लॅपटॉपवर काम करत देशोदेशी फिरणाऱ्यांचा परवाना, खरंतर छान आहे, पण टेकवाल्यांनाही वर्षाला २४,००० डॉलर लागतात, म्हणजे वीस लाखांच्या वर. हेपण गेलं.

मॉरिशसचं मला जरा वाईट वाटलं. एका वर्षाचा प्रीमियम व्हिसा, फी शून्य, महिना १,५०० डॉलर उत्पन्नाची अट, घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, यूपीआयसुद्धा २०२४ च्या फेब्रुवारीपासून चालतं, आणि गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते, मराठी लोक तिथे पिढ्यान् पिढ्या आहेत. पण तुझा ग्रॉस १,५०० डॉलरला थोडक्यात हुकतो. एखादं इन्क्रिमेंट झालं की परत बघ. राहणं मात्र तिथे स्वस्त नाही, बेटावर येणाऱ्या बऱ्याच गोष्टी जहाजातून येतात, भाजीच्या बिलात कळतं.

जॉर्जियाचं नाव तू घेतलं नाहीस पण कुणीतरी सुचवेलच. तिबिलिसी सुंदर आहे, पण २०२२ नंतर रशियन लोक लोंढ्याने आले तशी भाडी चढली, आणि भारतीय पासपोर्टवाल्यांना सीमेवरूनच परत पाठवल्याच्या तक्रारी अधूनमधून येत असतात. सगळे पैसे भरून विमानतळावरूनच माघारी यायची रिस्क मी तुला घ्यायला सांगणार नाही. व्हिएतनामचा ई-व्हिसा एकदम सोपा आहे, ९० दिवस, सिंगल एन्ट्रीला २५ डॉलर आणि मल्टिपलला ५०, दा नांगला समुद्राकाठी राहणं स्वस्तही, पण तो कामाचा व्हिसा नव्हे. तिथे असे हजारो लोक काम करत बसलेत आणि कोणी विचारत नाही हे खरं, पण ज्यांचं स्वतःचं फ्रीलान्सिंग आहे त्यांची गोष्ट वेगळी आणि कंपनीच्या लॅपटॉपवर यूकेच्या क्लायंटचा डेटा उघडणारीची वेगळी.

तर राहिलं थायलंड, आणि गंमत म्हणजे याद्यांनी चुकीच्या कारणासाठी का होईना पण तुला बरोबर जागा सांगितलीय. २०२४ च्या जुलैमधे त्यांनी डेस्टिनेशन थायलंड व्हिसा काढला, सगळे डीटीव्हीच म्हणतात. पाच वर्षांचा, मल्टिपल एन्ट्री, एका वेळी १८० दिवस राहता येतं, फी १०,००० बाट. बाट अडीच ते तीन रुपयांच्या मधे हलत असतो, तेव्हा पंचवीस-तीस हजार धर. यात महिन्याच्या पगाराची अट नाही, अट आहे बँकेत ५,००,००० बाट दाखवायची. म्हणजे साडेबारा ते पंधरा लाख. तुझे १६ लाख इथे कामाला येतात, आणि ते खर्च करायचे नाहीयेत, नुसते दाखवायचेत. तुझ्यासारखी, पगार बेताचा पण हातात साठवण आहे, अशा माणसाला बसणारा व्हिसा मला तरी दुसरा दिसला नाही. अर्ज थायलंडच्या बाहेरून करायचा, सगळं त्यांच्या सरकारी ई-व्हिसा साइटवरून ऑनलाइन. आणि तिथल्या कुठल्या कंपनीचं काम करायचं नाही, फक्त आपलं बाहेरचं.

आता "गुपचूप जाऊ का" याचं उत्तर आपोआप मिळालं बघ. डीटीव्हीच्या अर्जाला नोकरीचं काँट्रॅक्ट किंवा कंपनीचं पत्र लावावं लागतं की ही बाई आमच्याकडे रिमोट काम करते. पत्र मागितलंस की एचआरला कळणारच. आणि नसतं लागलं तरी मी सांगच म्हटलं असतं, कारण तू व्हीपीएनला, म्हणजे कंपनीच्या बंद नेटवर्कला, लॉगिन केलंस की आयटीवाल्याच्या स्क्रीनवर देश दिसतो, आणि यूकेच्या क्लायंटबरोबरच्या काँट्रॅक्टमधे डेटा कुठून उघडायचा यावर बंधनं असू शकतात, ती तुला माहीतही नसतात. पकडली गेलीस तर "मी घरूनच काम करत होते, घर फक्त थायलंडमधे होतं" हा जोक तुझ्या मॅनेजरला आवडणार नाही.

एचआरला मेल लिहिताना "मला परदेशात राहायची परवानगी हवी आहे" असं मोघम लिहू नकोस, त्याला उत्तर नाहीच येतं, कारण नाही म्हणणं सोपं असतं. नेमकं लिही: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, सहा महिन्यांच्या आत, देश एकच, व्हिसा रिमोट कामाला परवानगी देणारा, पगार भारतातल्याच खात्यात, टीडीएस नेहमीसारखा, शिफ्ट तीच, आणि हे क्लायंटच्या काँट्रॅक्टमधे बसतं का ते बघून सांगा. आधी मॅनेजरशी तोंडी बोल, मग मेल. मॅनेजर बाजूने असेल तर एचआर हलतं, नाहीतर मेल तिथे पडून राहतो.

मावसभावाच्या टॅक्सचं एका दमात सांगते. एनआरआय वगैरे सहा महिन्यांत काही होत नाही. तू दिवाळी करून नोव्हेंबरच्या मध्याला निघालीस तर एप्रिलपासून तोपर्यंत १८२ दिवस भारतात होऊन गेलेलेच असतात, म्हणजे टॅक्सच्या हिशोबात तू इथलीच रहिवासी, रेसिडेंट, टॅक्स जसा कापला जातो तसाच कापला जाणार, विषय संपला. आणि तिकडचा? थायलंडमधे एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस झाले की तू त्यांची टॅक्स रेसिडेंट होतेस, आणि २०२४ पासून रेसिडेंट माणसाने बाहेरची कमाई तिथे आणली तर तिच्यावर टॅक्स लागू शकतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत राहिलीस तर मधे वर्ष बदलतं, कुठल्याच एका वर्षात १८० भरत नाहीत. म्हणून मला ही तारीख आवडली, फक्त दिवाळीच्या फराळासाठी नाही.

तारखेचं दुसरं कारण हवा. नोव्हेंबर ते जानेवारी चियांग माय म्हणजे महाबळेश्वरची डिसेंबरातली सकाळ, स्वेटर लागतो, डोंगर स्वच्छ दिसतात. पण फेब्रुवारीपासून शेतकरी मक्याची ताटं जाळतात, जंगलातले वणवे वेगळे, शेजारच्या म्यानमार आणि लाओसमधूनही धूर येतो, आणि शहर दरीत असल्यामुळे तो तिथेच कोंडून बसतो. मार्चमधे जगातल्या सगळ्यात प्रदूषित शहरांच्या यादीत चियांग माय वर असतं. मी तिथे एक हिवाळा काढलाय, शेवटी शेवटी समोरचा दोई सुथेपचा डोंगर दिसायचाच बंद झाला, आणि ज्या बाईकडे मी राहायचे ती एक दिवस दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबत बसली होती. याद्यांमधे हे एका ओळीत असतं, "काही महिने हवा खराब". दम्याचा त्रास असेल तर ती एक ओळ फार महाग पडते.

तेव्हा फेब्रुवारीच्या सुरुवातीला सरळ खाली दक्षिणेला सरक. व्हिसा अख्ख्या देशाचा आहे, परत कुणाला विचारायचं नाही. हुआ हिनला जा, बँकॉकपासून तीनेक तासांवर समुद्रकाठचं गाव, क्राबी-फुकेतइतका टुरिस्टांचा गजबजाट नाही, पेन्शनर गोरे लोक खूप त्यामुळे महिन्याच्या भाड्याने खोल्या मिळतात. व्हिएतनाम बघायचंच असेल तर मार्चमधे आठ दिवस रजा टाकून दा नांगला जा, तेव्हा तिथे हवा मस्त असते, आणि लॅपटॉप हुआ हिनला कुलपात ठेव.

आता घड्याळ, ज्याचा कोणी विचार करत नाही आणि तिसऱ्या आठवड्यात रडतात. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे. तुझं १ ते १० तिकडे अडीच ते रात्री साडेअकरा होणार. म्हणजे सकाळ पूर्ण तुझी, देवळं बघ, बाजार बघ, पोहायला जा. पण संध्याकाळ गेली, सातला सगळे फिरायला निघतात तेव्हा तू स्टँडअपमधे, टीमच्या रोजच्या मीटिंगला. रात्रीचे बाजार, मैत्रिणी-मित्र जमवणं, हे सगळं शनिवार-रविवारवर येतं. एकटीने सहा महिने काढायचे तर हा मुद्दा भाड्यापेक्षा मोठा आहे, आणि मी हे घाबरवायला नाही सांगत, सकाळी भेटणारी माणसं शोध, योगाचा क्लास, स्वयंपाकाचा क्लास, काहीही. दुसरं म्हणजे साडेअकराला काम संपणार तर को-वर्किंगहून, म्हणजे भाड्याने बसायच्या ऑफिसातून, स्कूटरने मध्यरात्री घरी यायचं का? मला नाही पटत. तुझी खोलीच ऑफिस होणार आहे. म्हणून को-वर्किंगचे महिना तीन-चार हजार बाट वाचव आणि ते चांगल्या खोलीत घाल.

खोली. भारतात बसून पैसे भरू नकोस, फोटो कितीही गोड असू देत. पहिला आठवडा गेस्टहाऊसमधे राहा, स्वतः हिंडून बघ. चियांग मायच्या निम्मान भागात सगळे कॅफे आणि सगळे फिरंगी, त्यामुळे महाग, शिवाय विमानतळ जवळ असल्याने विमानं डोक्यावरून जातात, तू क्लायंटशी बोलत असताना तर हमखास. सांतिथाम भागात बघ, जुनी वस्ती, स्थानिक लोक, बाजार पायी, आठ ते बारा हजार बाटमधे बरी स्टुडिओ खोली मिळावी. बघायला गेलीस की मालकाच्या गप्पा ऐकत बसायचं नाही. खुर्ची ओढ, टेबलाशी बस, नऊ तास इथे बसता येईल का बघ, कारण बऱ्याच खोल्यांत टेबल म्हणजे आरशाखालची फळी असते. वायफायचा पासवर्ड माग आणि स्पीड टेस्ट मार, आणि जमलं तर रात्री नऊ वाजता परत येऊन मार, कारण अख्खी बिल्डिंग सिनेमे बघत असते ती वेळ तुझ्या कामाची आहे. खिडकी उघडून बाजूला बांधकाम आहे का, खाली बार आहे का बघ. मग विजेचा रेट विचार, आणि हे विसरू नकोस. सरकारी दर युनिटला चार बाटच्या आसपास असतो, पण बरेच मालक सात-आठ लावतात, आणि एसी रोज रात्री लागला की भाड्यात वाटलेला स्वस्तपणा तिथे भरून निघतो. डिपॉझिट बहुतेक दोन महिन्यांचं. खोलीत शिरल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, टॉयलेटचा, गादीचा व्हिडिओ काढ, मालकाला तेव्हाच पाठव, निघताना डिपॉझिट परत मिळवायचा तोच एक पुरावा.

अजून एक, मालकाला विचार की टीएम-३० भरणार ना. परदेशी माणूस राहायला आला की मालकाने २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचं असतं, तो त्याचा फॉर्म. "अहो त्याची काही गरज नाही" म्हणणारा मालक सोडून दे, पुढे इमिग्रेशन ऑफिसात तुझंच काम अडतं. आणि सलग ९० दिवस झाले की तूसुद्धा पत्ता कळवायचा असतो, कॅलेंडरमधे टाकून ठेव.

पैशाचं मांडू. खोली, वीज, पाणी मिळून १२-१३ हजार बाट. खाणं नऊ-दहा हजार, शाकाहारी असल्यामुळे मधूनमधून इंडियन हॉटेलात जाशील आणि ती स्वस्त नसतात. सिम, इकडचा-तिकडचा प्रवास, कपडे धुवायला देणं, औषधं, थोडी मजा, अजून चार-पाच हजार. म्हणजे २५ ते २८ हजार बाट, रुपयात ६५ ते ८० हजार, बाट त्या महिन्यात कुठे असेल त्यावर. यावर व्हिसाची फी, विमान, इन्शुरन्स, हे एकदाचे खर्च सहाने भागून महिन्यात मिळव. ७० हजार होत नाहीत, ८५ धर. आणि कोथरूडचे २१ हजार चालू ठेवलेस तर हातात येणारे ९६ संपून एफडीला हात लागेल. तेव्हा फ्लॅट सोड, सामान सांगलीला टाक, नाहीतर घरमालकाला विचारून सहा महिन्यांसाठी ओळखीची मुलगी ठेव. हे जमत नसेल तर सहाऐवजी तीन महिने जा. तीन महिने, फक्त चियांग माय, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. खरं सांगू का, तुझ्या पगाराला मला तेच जास्त बरं वाटतं.

तिथल्या एटीएममधे परदेशी कार्डाला दर वेळी दोनशेच्या वर बाट कापतात, त्यामुळे थोडे थोडे काढू नकोस, मोठी रक्कम एकदाच. कमी मार्कअपचं, म्हणजे चलन बदलताना कमी कापणारं, फॉरेक्स कार्ड घे. टीसीएसच्या, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना आधीच कापल्या जाणाऱ्या टॅक्सच्या, नावाने कुणी घाबरवलं तर सांग की वर्षाला १० लाखांच्या वर पाठवलं तर लागतो, तू त्याच्या जवळपास नाहीस. आणि ओटीपी! भारतीय सिम चालू ठेवायचं, रिचार्ज संपू द्यायचा नाही, निघायच्या आधी रोमिंग चालू करून ठेवायचं, आणि तिथे उतरल्या उतरल्या बँकेचा एक तरी ओटीपी येतोय का ते विमानतळावरच बघायचं. रात्री अकराला भाडं ट्रान्सफर करायचंय आणि ओटीपी येत नाही याइतकी हतबलता दुसरी नाही. कंपनीचा मेडिक्लेम बहुतेक देशाबाहेर चालत नाही, पॉलिसी उघडून बघ, आणि वेगळा इन्शुरन्स घेताना दुचाकीचं कलम वाच. दुचाकीचं योग्य लायसन्स आणि इंटरनॅशनल परमिट नसताना स्कूटर चालवून पडलीस तर ते लोक हात वर करतात, आणि प्रायव्हेट हॉस्पिटलचं बिल तुझ्या एफडीइतकं होऊ शकतं. पुण्यात स्कूटर चालवतेस म्हणून तिकडे पण चालवशील हे मला माहितीय, निदान कागद पूर्ण करून चालव.

खाण्याची चिंता करू नकोस पण गाफीलही राहू नकोस. थाई स्वयंपाकात नाम प्ला म्हणजे माशाचा सॉस सगळीकडे असतो, भाजीत, सॅलडमधे, "नो मीट" म्हटलं तरी तो पडतोच कारण त्यांच्या हिशोबात ते मीट नाहीच. तू पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरं शोध, लांबून इंग्रजीतल्या १७ सारखी दिसतात, त्याला ते "जे" म्हणतात. ती पाटी असलेल्या ठिकाणी मांस, मासे, अंडं, दूध, इतकंच काय कांदा-लसूणसुद्धा नसतं. चातुर्मास पाळणाऱ्या आजीलाही चालेल. दुपारी दोनच्या आत गेलीस तर ताटं भरलेली असतात, नंतर ट्रे रिकामे, आणि तुझं काम अडीचला सुरू होतंय त्यामुळे ते जमतं. गोडा मसाला, थोडं मेतकूट आणि छोटा कुकर ने. कुकरची शिट्टी ऐकून शेजारचे घाबरतात, एकदा समजावून सांग.

विमानतळावरचं एक. मुंबईला इमिग्रेशनवाला एकट्या तरुण मुलीला, आयटीतल्या, थायलंडला सहा महिने, असं बघितलं की चार प्रश्न जास्त विचारेल, चिडू नकोस. थायलंडमधे आयटीची नोकरी देतो सांगून आपल्या पोरांना म्यानमारमधल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत नेऊन डांबलं होतं, परराष्ट्र खात्याने २०२२ मधेच त्याबद्दल सावध केलं होतं, त्यातून हे आलंय. कंपनीचं पत्र, व्हिसाची प्रिंट आणि परतीचं तिकीट वरच्या कप्प्यात ठेव. आणि थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट असेल तर ती सरकारी नाही.

आता आई. तू म्हणतेस घर डोक्यावर घेईल. घेऊ दे की, पण तिला तिकीट काढल्यावर सांगू नकोस, एचआरचा होकार आल्या दिवशी सांग, आणि फोनवर नाही, सांगलीला जाऊन सांग. "मी जातेय" एवढंच बोलून थांबू नकोस, आयांना भीती वाटते ती न दिसणाऱ्या गोष्टीची, तिला कागद दाखव, व्हिसा हा, इन्शुरन्स हा, भारतीय दूतावासाचा नंबर हा, परत यायची तारीख ही. तिथे गेल्यावर घरमालकिणीशी एक व्हिडिओ कॉल करून दे, दोघींना एकमेकींची भाषा कळणार नाही तरी दोघी पंधरा मिनिटं बोलतील. आणि जानेवारीत तिला आठ-दहा दिवस बोलाव. लग्नाचा विषय निघेलच, तो तू पुण्यात असतीस तरी निघालाच असता, त्याचा थायलंडशी संबंध जोडू नकोस आणि तिलाही जोडू देऊ नकोस. पण एक मला तुझ्या पत्रात दिसलं नाही, आईच्या जवळ कोण आहे? रात्री तिला बरं वाटेनासं झालं तर कोण धावेल? मामा, शेजारी, जे कोण असतील त्यांच्याशी आधी बोलून घे, आणि अचानक परत यायच्या तिकिटाचे तीस-चाळीस हजार बाजूला काढून ठेव, त्याला हात लावायचा नाही.

आणि हे सगळं वाचून छाती दडपली असेल तर पोखऱ्याला जा, मी मस्करी नाही करत. नेपाळला आपल्याला व्हिसाच लागत नाही, १९५० च्या करारामुळे राहण्यालाही आडकाठी नाही, घड्याळ फक्त पंधरा मिनिटं पुढे म्हणजे तुझ्या शिफ्टला धक्का नाही, आपला एक रुपया म्हणजे त्यांचा १.६० हा दर ठरलेला, आणि दाल-भात सगळीकडे. तुझ्या बजेटमधे खऱ्या अर्थाने स्वस्त पडणारा परदेश तोच आहे, फक्त तो कुठल्या यादीत नसतो कारण याद्या आपल्यासाठी लिहिलेल्या नसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक महिना तिथे राहून बघ. इंटरनेट बरं असतं, पण २०२५ च्या सप्टेंबरमधे सरकारने व्हॉट्सॲपसकट २६ प्लॅटफॉर्म एका फटक्यात बंद केले होते, मग आंदोलन पेटलं आणि सरकारच पडलं, तेव्हा क्लायंटशी बोलायला एकाहून जास्त रस्ते ठेव. कंपनीची परवानगी मात्र तिथेही लागेल, पोखरा झालं तरी परदेशच. भूतानच्या फंदात पडू नकोस, भारतीयांनाही तिथे रात्रीला १,२०० रुपये शुल्क आहे, महिन्याचे ३६ हजार नुसते राहण्याच्या परवानगीचे.

क्रम चुकवू नकोस. आधी मॅनेजर आणि एचआर. लेखी होकार आला की मुंबईच्या थाई कॉन्सुलेटला मेल टाकून विचार की पाच लाख बाटमधे एफडी धरतात का, की सेव्हिंगमधेच दाखवावे लागतात, आणि किती महिन्यांचं स्टेटमेंट लागतं. त्यांचं उत्तर येईपर्यंत एफडी मोडू नकोस, व्याज जाईल ते जाईल आणि एचआरने शेवटच्या क्षणी मागे घेतलं तर हातात काहीच नाही. तिकीट सगळ्यात शेवटी.